पाण्याला भरणी

श्रावण निम्मा सरला आणि पावसानं जे तोंड काळं केलं ते पुन्हा दाखवलं नाही. आषाढात असा कोसळला होता की बिद्रीच्या रस्त्याला पुढचं माणूस दिसत नव्हतं. आता तीन आठवडे झाले, आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं कोरडं ठणठणीत. वारा मेलेला. उसाचं पान हलत नव्हतं आणि अंगावरचा घाम वाळत नव्हता.

तानाबाई वरुटेला त्याचं काही वाटलं नाही. "पाऊस म्हंजे सोयरा. आला तर बस म्हणावं, गेला तर जा म्हणावं. त्येच्या जिवावर चूल पेटवायची नसती," असं ती म्हणायची. साठी ओलांडलेली बाई, तीन यत्ता शिकलेली, पण बोलायला लागली की ग्रामसेवकसुद्धा खुर्ची जरा मागं ओढून बसायचा.

रानाच्या खालच्या अंगाला तिच्या सासऱ्यानं कधीकाळी वीटभट्टीला माती दिली होती. त्याचा अर्ध्या एकराचा खड्डा राहिला होता, दोन पुरुष खोल. सात वर्षांमागं तानाबाईनं त्यात माशांची पिल्लं सोडली. आणतानाचं पिल्लू जिऱ्याएवढं असतं म्हणून त्याला जिरं म्हणायचं, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. ही बोटुकली दर भादव्यात गावतळ्यात जायची. गावतळं भोयांच्या चौदा घरांनी चालवायला घेतलेलं. त्यांची पुढारी धोंडुबाई. खड्डा आणि गावतळं यांच्यामध्ये एक ओढा, आणि खड्ड्याच्या नि ओढ्याच्या मध्ये छातीएवढा मातीचा बांध.

एका वर्षी धोंडुबाईनं जोडीला परगावची बोटुकली आणली होती. आठ दिवसांत पांढरी होऊन काठाला लागली. तेव्हा चावडीपुढं चार माणसांत तानाबाई म्हणाली होती, "मासं बी हात वळकत्यात, धोंडे. हात लागतोय हात." त्या दिवसापासून धोंडुबाई मान खाली घालून तिच्याच बांधावर यायची.

यंदा वरचं पाणी यायचं थांबलं तशी खड्ड्याची पातळी वीतभर खाली गेली, आणि पाणी निवळायला लागलं. निवळ पाण्यात पिल्लाला खायला काही राहत नाही. पाण्याला हिरवा रंग पाहिजे, त्या रंगावरच जिरं वाढतं. एवढं तानाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"शेणकाला सोडू या दोन घमेली," तिचा लेक सयाजी म्हणाला.

"दोन घमेल्यानं तुजं पोट भरलं असतं काय? उसाला लागणीला खत घालतोस, भरणीला, बुडात माती चढवताना, परत घालतोस. ऊस कमरंला आला की हात सैल सोडतोस. मग पाण्यानं काय घोडं मारलंय?"

"पाण्याला भरणी असती व्हय आई?"

"मी म्हणतो म्हंजे असती."

आकाराम, तिचा नवरा, बांधावर तंबाखू मळत बसला होता. तो दिवसाला दहा शब्द बोलायचा, आणि त्यातले सहा म्हशीला. तो म्हणाला, "उसाला नको असलं तर त्यो खत मातीत सोडतोय. पाणी कुठं सोडणार?"

"तुमी तंबाखू सोडा आदी."

आणि तिनं भरणी केली. दहा घमेली शेणकाला, सुपर फॉस्फेटची दोन पोती, वर कारखान्यावरनं उसासाठी आणलेली मळी, तीही अर्धी ट्रॉली. स्वतः पदर खोचून, गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं ती चारी कोपऱ्यांना ओतली.

आठव्या दिवशी पाणी हिरवं झालं. दहाव्या दिवशी असं झालं की घराला लावायचा ऑईलपेंट कुणी ओतलाय म्हणावं. रंगाची पारख करायची तिची रीत ठरलेली होती. हात पाण्यात घालायचा आणि कोपरापर्यंत गेल्यावर तळवा दिसेनासा झाला की पाणी चांगलं. यंदा मनगट बुडायच्या आधीच तळवा गेला. जणू कुणी तोडून घेतला.

धोंडुबाई बघायला आली होती. तिनंही हात घातला आणि काढून बघितला. हिरव्या रंगाचा मोजा घातल्यासारखा.

"लई गडद वाटतंय, तानाक्का."

"गडद न्हाय, पिकलंय. तुला कच्च्याची सवय."

"बरं बाई. पुढच्या बेस्तरवारी नेतो मग. तळं रिकामं पडलंय, पोरी इचारत्यात कवा सोडायचं."

"ये. पिशव्या जरा ज्यादा आण."

तेव्हा बेस्तरवार आठ दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तानाबाई पेंड आणि कोंडा कालवून खड्ड्यावर गेली. रोज तिची सावली पाण्यावर पडली की पिल्लं फुर्रकन फाकायची, आणि पेंड पडली की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. आज सावली पडली. काही फाकलं नाही. पेंड टाकली. ती हिरव्या सायीवर जशी पडली तशीच बसून राहिली.

तिनं वाकून बघितलं. काठाला, वाव-दोन वाव लांबीत, पिल्लं उभी होती. पोहत नव्हती. तोंडं वर, शेपट्या खाली, पेरलेल्या रोपागत एका ओळीत. हजारो. सगळ्यांची तोंडं तिच्याकडं.

तानाबाईला उगाचच वाटलं, ती यायच्या आधी इथं काही बोलणं चाललं होतं आणि तिला बघून थांबलं.

"मेल्यांनो, खावा की," ती म्हणाली. आवाज तिचाच, पण खड्ड्यानं तो परत दिला नाही. बेडूक नाही, टिटवी नाही. पलीकडच्या काठाला नऊ बगळे बसले होते, ते रोजचेच. फक्त आज सगळ्यांची पाठ पाण्याकडं होती.

तिनं हात पाण्यात घातला. पिल्लं पळाली नाहीत. तळव्यात आली, बोटांच्या बेचक्यांत अडकली, आणि तिनं मूठ वर काढली तरी मुठीत पडून राहिली. चार होती. एक सरळ. तीन ऊसतोडीच्या कोयत्यासारखी वाकलेली. पोटं फुगलेली, डोळे बाहेर. तिनं ती परत सोडली. ती बुडाली नाहीत, वर आली आणि गोल फिरायला लागली. डाव्या अंगानं. वाकडी तिन्हीही डाव्या अंगानं.

संध्याकाळपर्यंत तिच्या हाताला कोपरापर्यंत खाज सुटली आणि बारीक फोड आले. भाकरी थापताना पिठाची आग व्हायला लागली. सून क्रांतीनं बघितलं.

"आत्ती, हाताला काय झालंय?"

"चटका बसला."

"कोपरापातुर?"

"लांब चटका हाय. तू कालवण बघ."

सयाजीनं पंप लावून पाणी उसळवलं. "श्वास कमी पडतोय त्यास्नी," तो म्हणाला. "ढगाळ असलं की पहाटं मासं वर येत्यात, तसंच." पण ढग नव्हताच. आणि मरायची वेळ पहाटेची नव्हती. पहाटे पिल्लं ठीक असायची. सूर्य डोक्यावर आला, पाणी चकाकायला लागलं, की एकेक करून गोल फिरायला लागायची, आणि फिरता फिरता पोट वर करायची. रोज साडेबारा ते दोन. जशी हाक यावी.

खड्ड्यात चार जुने कटला मासे होते, तीन-तीन किलोचे. ते मजेत होते. मेलेल्या पिल्लांच्या खालनं ते सावकाश सरकत जायचे, पाटलाच्या म्हाताऱ्यांसारखे.

"थोरल्यास्नी काय न्हाय," सयाजी म्हणाला. "बारकीच चाललीत."

आकाराम म्हणाला, "आसरा फिरवत्यात."

साती आसरांचं, पाण्यातल्या देवतांचं, नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं, कारण तानाबाई त्या नावाला हसायची. आज ती हसली नाही. उलट दुसऱ्या दिवशी सगळी जेवायला बसली तेव्हा ती पदराखाली खण-नारळ घेऊन एकटी गेली, पाण्याची ओटी भरली आणि नारळ आत सोडला. नारळ तरंगला. हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी होता. तिसऱ्या दिवशीही. फक्त त्याच्या शेंडीवर हिरवी कातडी चढली होती.

म्हशीनं त्या बाजूची वाट सोडली. दावं ओढलं तरी चार पायांवर बसकण मारायची.

सोमवारी क्रांतीनं न विचारता बाटलीत पाणी भरलं, डबीत सहा पिल्लं घेतली आणि एसटीनं कोल्हापूरला मासेखात्याच्या हापिसातल्या मॅडमकडं गेली. परत आली तेव्हा तोंड उतरलेलं. तानाबाई जोत्यावर वाट बघत बसली होती, पण बघत नसल्यासारखी.

"काय म्हणल्या तुज्या मॅडम?"

"निळसर हिरवं शेवाळ हाय म्हणल्या. त्येच्या अंगात इख असतंय. ऊन पडलं, वारा नसला आन पाण्यात खत झालं की वाढतंय. थोरला मासा सोसतोय. पिल्लाचं आतडं-काळीज कच्चं असतंय, मणका जुळायचा असतोय, ते सोसत न्हाय. जे जगतंय ते वाकडं जगतंय."

"आनि?"

"जनावराला पाजायचं न्हाय. हात घालायचा न्हाय. हे पाणी दुसऱ्या पाण्यात जाऊ द्यायचं न्हाय, न्हायतर तिथंबी उठंल." क्रांती थांबली. "खत कुणी घातलं म्हणून इचारलं."

"मग?"

"आमी घातलं म्हणलं."

तानाबाईनं सुनेकडं बघितलं. आठ वर्षांत तिनं या पोरीला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. आताही नाही म्हटलं.

तिनं परसात घासलेला हंडा घेतला, विहिरीचं नितळ पाणी भरलं, आणि सयाजीकडनं लांब दांड्याच्या झोळीनं पन्नास पिल्लं काढून त्यात सोडायला लावली. पाणी वाईट असेल तर पाण्यातनं काढलं की बरी होतील, एवढा तिचा हिशेब. सकाळी हंड्यात डोकावली. एकोणीस जिवंत होती. त्या निर्मळ पाण्यात, आरपार दिसणाऱ्या तळावर, एकोणीसच्या एकोणीस गोल फिरत होती. डाव्या अंगानं. हंड्याला हात लावला तरी थांबत नव्हती. पाणी बदललं होतं, पण ते आता पाण्यात नव्हतंच. त्यांच्यात शिरून बसलं होतं.

मग ती म्हणाली, "सरळ असतील तेवढी निवडा."

सयाजी म्हणाला, "आई, धोंडुबाईला द्यायची?"

"सात वरसं दिली. सात वरसं एक मेलं न्हाय. यंदा न्हाय म्हणलं की उंद्या चावडीवर काय होईल ठावं हाय? कालपतोर माज्या म्होरं मान खाली घालणारी बाई माज्या तोंडावर हसंल."

"आन तळ्यात हे गेलं तर? गावाची जनावरं पेत्यात तिथं."

"चार पिशव्यांतलं पाणी. तळं केवढं, पिशवी केवढी. बेस्तरवारपातुर कुणी तोंड उघडायचं न्हाय."

आकारामनं तंबाखू थुंकली. त्याचे त्या दिवशीचे दहा शब्द संपले असतील.

बेस्तरवारी साडेअकराला टेम्पो आला. धोंडुबाई पुढं, मागं तिच्या दोघी भावजया, प्लास्टिकच्या पिशव्या, ऑक्सिजनचं नळकांडं. ऊन खड्ड्यावर उभं राहिलं होतं. नारळ जागच्या जागी. वाकडी पिल्लं सयाजीनं सकाळीच झोळीनं वेचून काढली होती. काठानं सरळ तेवढी उभी, तोंडं वर.

"अगं बया," धोंडुबाई म्हणाली. "किती वर आल्यात. जाळं कशाला लागतंय आता."

तिनं जाळं काठाला ठेवलं आणि ओंजळीनंच पिल्लं उचलायला लागली. ती येत होती. ओंजळीत येऊन बसत होती. भावजय पिशवी धरून होती. एक पिशवी निम्मी झाली. दुसरी झाली. हवा भरली, तोंड पिळून रबर लावला. टेम्पोच्या फळीवर पिशवी ठेवली तेव्हा तानाबाईला आत दिसलं. निवडून ठेवलेली सरळ पिल्लं. पिशवीत ती फिरायला लागली होती.

धोंडुबाईला ते दिसलं नाही. ती पदरानं हात पुसत, हसत म्हणाली, "एवढी गरीब बोटुकली जल्मात बघितली न्हाय. माणसाळल्यात गं. त्या वक्ताला तू म्हणालीस ते मला लागलं हुतं, तानाक्का. पर खरं हुतं. हात हाय तुजा."

सयाजीनं मान फिरवली. क्रांती सासूकडं बघत होती.

साठ वर्षांत तानाबाई बापाला उलट बोलली, सासूला बोलली, तलाठ्याला बोलली, आणि आता चार शब्द जड झाले होते. चांगलं म्हटलं होतं बाईनं. तेच आडवं येत होतं.

"धोंडे," ती म्हणाली. "वत ते माघारी."

"काय?"

"पिशव्या फोड. हितंच. वत आन हात धू, विहिरीच्या पंपावर जा, साबण लाव." तिनं पदर मागं टाकून कोपरापर्यंतचा हात पुढं केला. फोड फुटून साल निघाली होती. "माजं पाणी इखारी झालंय. मीच केलंय. ही माणसाळली न्हाईत. मरायला लागल्यात."

कुणी हललं नाही. फक्त पिशवीतली पिल्लं.

धोंडुबाईनं पिशवी उन्हात धरून डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बघितलं. मग खाली ठेवली.

"कवापासनं ठावं हाय?"

"सोमवारपासनं."

"आन माज्या हातानं पिशवी बांधूस्तवर गप बसलीस."

"बसलो."

"मी तुला चांगलं म्हणलं नसतं तर नेऊ दिलं असतंस."

तानाबाईनं खोटं बोलायचा विचार केला. "दिलं असतं," ती म्हणाली.

धोंडुबाई पंपावर गेली. हात धुतले. परत धुतले. भावजयांनी पिशव्या काठावर फोडल्या. जाळ्याचं टोक पाण्याला लागलं होतं. धोंडुबाईनं ते काठीनं उचलून बांधावर फेकलं. "हे आता माज्या तळ्याला न्हाय लावायचं. जाळ. चौदा घरं हाईत माज्या मागं, तानाबाय. यंदा तळ्यात सोडायला काय न्हाय. काय सांगू त्यास्नी, तुजा हात नासला म्हणून?"

"तसंच सांग."

ती गेली. चहाला विचारायचं धाडस तानाबाईलाही झालं नाही.

तिसऱ्या प्रहरी आभाळाच्या मावळतीच्या कोपऱ्यात ढग दिसला. पावशेर कापसाएवढा. दीड महिना सगळं गाव ज्याची वाट बघत होतं तो. उसाच्या फडातनं कुणीतरी शीळ घातली. तानाबाईनं ढगाकडं बघितलं, मग बांधाकडं. ओढ्याच्या बाजूला बांध दोन जागी खचला होता. मोठा पाऊस आला तर खड्डा भरणार, बांध फुटणार, हिरवं पाणी ओढ्यात, आणि ओढा तळ्यात.

सोयरा आला होता, आणि त्याला बस म्हणायची सोय नव्हती.

"खोरी काढा," ती म्हणाली.

चौघं लागली. सयाजी आणि आकाराम माती खणत होते, सासू-सून पाट्या वाहत होत्या. फोडांच्या हाताला चिंधी गुंडाळली होती. चिंधीतनं पाणी येत होतं. तासाभरात ढग घोंगडीएवढा झाला. वारा मात्र नव्हताच. खड्ड्यातनं ओल्या मातीचा, बंद खोलीतल्या धान्याचा वास वर येत होता, आणि काठावरची पिल्लं तशीच उभी होती. माती टाकायला बांधाच्या या टोकाला आलं की तोंडं या टोकाला. त्या टोकाला गेलं की त्या टोकाला. क्रांतीनं ते बघितलं आणि मग खाली बघणं सोडून दिलं.

ओढ्यातनं माणसांचा आवाज आला. धोंडुबाई, आणि तिच्यामागं सहा बाया, डोक्यावर रिकाम्या पाट्या.

"तुज्यासाठी आलो न्हाय," धोंडुबाई खालनंच म्हणाली. "तळं आमचं हाय. कुठनं खचलाय?"

"हितनं. आन त्या बाभळीपाशी."

"बांध बी नीट घालता आला न्हाय. तोंड मातर घालत आलीस जल्मभर."

एक बाई खुसखुसली. तानाबाईनं पाटी उचलली आणि रांगेत उभी राहिली, शेवटची. पाटी एका हातातनं दुसऱ्या हातात जात होती. तिच्या पुढची तरुण पोर पाटी देताना दरवेळी म्हणायची, "हात लागतोय हात," आणि तानाबाई पाटी घ्यायची. पाच वेळा म्हणाली. सहाव्या वेळी धोंडुबाईनंच "ए, बास की" म्हटलं.

दिवस कलला. वरच्या वाटेनं मेंढरं आली. धनगर परमुलखातला होता, डोक्याला तांबडा पटका, बरोबर दोन कुत्री. मेंढरं तहानलेली, वासानं धावत सुटली आणि खड्ड्यापासून वीस पावलांवर एकदम थांबली. सगळी एका रेषेत. पुढचं मेंढरू पाय उचलून उभं राहिलं, तो पाय त्यानं खाली टेकला नाही. कुत्री मागं सरत गुरगुरायला लागली.

"हुर्र, हुर्र," धनगर त्यांना पुढं हाकायला लागला. "पेत का न्हाईत ही?"

"पावणं, जनावरं मागं घ्या," तानाबाई ओरडली. "ते पाणी पाजायचं न्हाय. मरतील."

बायांची रांग थांबली. धनगरानं हिरव्या पाण्याकडं बघितलं, मग या चिखलानं भरलेल्या म्हातारीकडं.

"कुणाचं पाणी म्हणायचं हे?"

हा माणूस तिला ओळखत नव्हता. उद्या तो घाटाखाली गेला असता. गावाचं म्हटलं असतं, सरकारी म्हटलं असतं, कुणाचं का असेना म्हटलं असतं तरी त्यानं मेंढरं वळवलीच असती. धोंडुबाई खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघत होती.

"माजं," तानाबाई म्हणाली. "तानाबाई आकाराम वरुटेचं. मीच घाण केलंय. म्होरं वस्ती लागंल, तितली जनावरं बी हिकडं येत्यात. नाव घिऊन सांगा त्यास्नी."

"तानाबाई वरुटे," धनगरानं पाठ केल्यासारखं म्हटलं.

"तानाबाई आकाराम वरुटे. दुसरी एक तानाबाई हाय वरच्या आळीला. तिच्या माथी जायाला नको."

धनगर वळला. मेंढरं त्याच्याआधीच वळली होती. मावळतीला गडगडलं. धोंडुबाईनं भरलेली पाटी उचलून तानाबाईच्या डोक्यावर ठेवली. पाटीतला चिखल कपाळावरनं, डोळ्यावरनं ओघळला. दोन्ही हात पाटीला होते. ती तशीच बांधाकडं चालायला लागली.